बाई हो म्हणू लागल्या तेव्हा

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांची बायको ‘छे’ म्हणाली, की समोरच्या छपरावरची कबुतरं उडायची आणि पलीकडच्या गल्लीतला न्हावी वस्तरा आवरून धरायचा. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. सर मात्र त्या ‘छे’वरच जगत होते. एका जुन्या विचारवंताच्या वचनांवर ते भाष्य लिहीत. सकाळी चहा घेताना अर्थ वाचून दाखवायचे, बाई ‘छे’ म्हणायच्या, मग अशी जुंपायची, की जेवणापर्यंत वचन आपणहून उलगडायचं.

मग सरांचं हृदय कुरकुरलं. “यांच्याशी वाद घालू नका,” डॉक्टरांनी बाईंना बजावलं, आणि बाई लोण्याहून मऊ झाल्या.

भाष्य शेवटच्या वचनाशी अडलं: ‘दारावाचून खोली नाही.’

“अगं, दार असतं बंद करायला. विचाराला एकांत लागतो, असं त्याला म्हणायचंय.”

“बरोबर आहे तुमचं.”

“किंवा बाहेर पडायला असेल.”

“तेही बरोबर.”

“दोन्ही कसं बरोबर असेल?”

“तुम्ही म्हणता म्हणजे असेल.”

सरांना अन्न गोड लागेना. पानभर लिहायचे आणि खोडायचे. पृथ्वी चौकोनी आहे, असंही म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, “कोपरे सांभाळून चाला.”

शेवटी सर बाईंच्या वतीने स्वतःच वाद घालू लागले. बाई शेजारीच भाजी निवडत होत्या.

“छे,” सर आवाज बारीक करून म्हणाले, “दार असतं पाहुण्यांसाठी. घरात माणसांची ये-जा हवी.”

बाईंचा हात थांबला. “हे कोण बोलतंय?”

“तू.”

“मी? पाहुणे म्हटलं की मला कापरं भरतं. इतक्या वर्षांत एवढंच ओळखलंत मला?”

“मग तू काय म्हणाली असतीस?”

बाईंनी डॉक्टरांना आठवून ओठ मिटले. पण आपल्या तोंडी कुणी भलतंच घातलं, तर किती वेळ सोसायचं?

“दार असतं ठोठावायला. उघडायचं की नाही, ते आतल्याने ठरवावं. पण बाहेरच्याला थाप द्यायला जागा नको?”

“आणि त्याने उघडलंच नाही तर?”

“नाही उघडलं तरी आपण आत आहोत, हे आतल्याला थाप ऐकूनच कळतं.”

सर ताडकन उठले. “हे मला मुळीच पटत नाही.”

त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाईंनी घाबरून त्यांचं मनगट धरलं, नाडी चाचपली आणि त्यांना खाली बसवलं.

“हळू बोला,” मनगट न सोडता त्या म्हणाल्या. “आणि आता सांगा, का पटत नाही.”