उमेदवाराची खुर्ची

त्यांचं खरं आडनाव दुकानात कोणालाच आठवत नव्हतं. सगळे त्यांना तात्पुरते म्हणत. सुट्ट्यांच्या हंगामात गर्दी आवरायला म्हणून घेतलेला हा गृहस्थ. तेव्हा रांगणारा त्यांचा मुलगा आता दाढी करू लागला होता, पण तात्पुरते आपले तात्पुरतेच.

दुकान तीन मजली. खाली भांडी आणि छत्र्या, मधे कपडे, वर चादरी आणि गाद्या. कायमच्या माणसाला चहाच्या खोलीत खुर्ची आणि पिशवी अडकवायला खुंटी मिळे. हंगामी माणसानं चहा उभ्यानं प्यायचा आणि पिशवी पायाशी ठेवायची. हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी मालकीणबाई हंगामी माणसांना ओळीनं उभं करत आणि प्रत्येकाच्या हातात एक मोठा टॉवेल देऊन निरोप देत. तात्पुरते ओळीच्या टोकाला हात पुढे करून उभे राहत. बाई त्यांच्यापर्यंत येत, गोड हसत आणि निघून जात. दर वर्षी हेच. आपल्याच बाबतीत बाईंचा हात आखडतो याचं त्यांना फार वाईट वाटे. पण निरोपच मिळाला नाही तर जायचं तरी कसं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी परत कामाला येत. विचारायची सोय नव्हती. विचारलं आणि बाईंना टॉवेलाची आठवण झाली तर?

या सगळ्यात गुडघ्यांनी मात्र राजीनामा दिला होता.

हंगामी माणसं निवडायचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं, कारण हंगामी असण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला नव्हता. यंदा मालकीणबाई म्हणाल्या, "या वेळी एक जागा कायमची भरायची आहे. माणूस तुम्ही निवडा. वशिला चालणार नाही हं."

तात्पुरते मान डोलावून बाहेर आले. गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींनी त्यांच्या मनातलं बरोबर ओळखलं.

"अहो, तुम्हीच उभे राहा की या जागेला!"

"उभाच आहे हो. पण मुलाखत घेणारा मी."

"मग काय बिघडलं? रांगेत उभे राहा. रीतसर होऊ द्या."

मुलाखतीत एक परीक्षा ठरलेली होती. वहिनी गिऱ्हाईक होऊन यायच्या, टेबलावर छत्री आपटायच्या आणि ओरडायच्या, "ही छत्री पावसात भिजली! पैसे परत द्या!" पहिल्या तरुणानं वहिनींशी असा काही वाद घातला, की शेवटी छत्री कशासाठी असते याबद्दल त्याचाच गोंधळ उडाला. एका निवृत्त मास्तरांनी वहिनींना दाराबाहेर उभं केलं आणि आत घ्यायचं विसरून गेले. मग आली एक ठेंगणी बाई. तिनं छत्री पुसली, उघडझाप करून पाहिली आणि वहिनींना दुसरी एक छत्री विकली, पहिली भिजू नये म्हणून. वहिनींनी भारावून पैसेसुद्धा दिले. जागा या बाईचीच, हे तात्पुरत्यांना कळून चुकलं. अशी माणसं शोधण्यातच तर त्यांची हयात गेली होती.

तरीही रीतसर व्हायला हवं होतं. ते बाहेर जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. मग आत येऊन "पुढचे!" अशी हाक मारली, परत बाहेर धावले आणि "येऊ का?" विचारून आत आले.

उमेदवार म्हणजे पाहुणा, त्याला खुर्ची होती. मुलाखत घेणारा हंगामी, तो टेबलामागे उभा. त्यामुळे प्रश्न विचारायला उठायचं आणि उत्तर द्यायला पलीकडे जाऊन बसायचं, अशी तात्पुरत्यांची धावपळ सुरू झाली. पहिल्यांदा बसले तेव्हा गुडघ्यांना काय सुख झालं म्हणता! त्यांची उत्तरं लांबत चालली. "चादरीची घडी कशी घालाल?" या प्रश्नाला त्यांनी गादीपासून सुरुवात केली. शेवटी त्यांनाच उठून स्वतःला गप्प करावं लागलं.

वहिनी छत्री आपटून ओरडल्या. तात्पुरते खुर्चीतून म्हणाले, "बाई, ती भिजली म्हणून तर तुम्ही कोरड्या राहिलात. तिनं तिचं काम केलंय. आता तिला कोपऱ्यात उभी करू नका. जरा आडवी ठेवा बिचारीला."

वहिनी भांडायचं विसरल्या. त्यांनी पदरानं छत्री पुसली आणि टेबलावर अलगद आडवी ठेवली.

मग तात्पुरते उठले, टेबलामागे गेले आणि रिकाम्या खुर्चीकडे कठोर नजरेनं पाहत म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण इतक्या वर्षांत तुम्हाला कोणी कायम केलं नाही. म्हणजे तुमच्यात काहीतरी खोट असणारच."

ते येऊन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

इतक्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

"काय झालं हो?"

"नाही जमणार गं. मुलाखत घेणारा फार कडक आहे."

"द्या त्यांना फोन."

तात्पुरते उठले, टेबलामागे गेले आणि फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. "हॅलो?"

"साहेब," बायको म्हणाली, "आमचे हे घरीसुद्धा चहा उभ्यानं पितात. पिशवी पायाशी ठेवतात. स्वतःच्या घरात! बसा म्हटलं तर म्हणतात, अजून कायम झालो नाही. मला एकदा माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून चहा प्यायचाय, साहेब. तुम्हाला बायको आहे की नाही?"

"आहे," साहेब कसेबसे म्हणाले. फोन तसाच चालू खिशात टाकून ते तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, माणूस निवडला. वशिला आहे म्हणाल तर म्हणा. मी मलाच निवडलंय."

मालकीणबाई बघतच राहिल्या. "तुम्हाला? अहो, तुम्ही तर पहिल्या वर्षापासून कायम आहात!"

"मी? मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? तुम्हाला कधी टॉवेल दिला का मी?"

"नाही."

"मग?"

तात्पुरत्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मला वाटायचं, तुम्हाला उभं राहायलाच आवडतं," बाई म्हणाल्या. "कायमच्या माणसांना मी तुमचं उदाहरण देत आले. आणि शेवटच्या दिवशी तुम्ही त्या ओळीत येऊन का उभे राहता, हे मला आजवर कळलं नाही. म्हणून आपली हसायची."

खोलीत एक जादा खुर्ची होती. तात्पुरते तिच्याकडे बघत राहिले. गुडघे केव्हाच तयार होते, पण पाय हलेनात. इतक्या वर्षांची सवय.

तेवढ्यात त्यांच्या खिशातून बायकोचा आवाज आला, "अहो, आता तरी बसा!"