जांभळं पाणी

चिमाचा हात फार लवकर उठायचा. दहिवलीच्या पुढच्या त्या गावात सातवीच्या वर्गातली सगळी पोरं हे जाणून होती. जूनमध्ये तिने एकाच्या पाठीत कंपासपेटी घातली, दिवाळीनंतर दुसऱ्याला जिन्यावरून ढकललं. दोन्ही वेळा तिच्या बापाला, जयवंताला, शाळेत बोलावणं गेलं. दुसऱ्या खेपेला त्याने तिला मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाईंच्या समोरच बडवलं आणि बजावलं, "आता तिसऱ्यांदा बोलावलं ना, तर शाळा बंद. नेरळला आत्याकडं जायचं, तिची पोरं सांबाळायची."

जयवंता बोलला की बोलला. चिमाला हे पक्कं ठाऊक होतं.

वर्गाच्या कोंडीराम गुरुजींनी मग तिच्या हाताला काम दिलं. वर्गाच्या कोपऱ्यात त्यांनी काचेची मोठी टाकी मांडली होती. तळाला माती, वर बारीक वाळू, त्यात हिरव्या पात्यांची रोपं आणि पाणी गाळणारं छोटं यंत्र. सगळं होतं, मासे तेवढे नव्हते. चिमाने रोज चिमूटभर माशांचं खाणं त्या रिकाम्या पाण्यात टाकायचं आणि दुपारच्या सुट्टीत काचेच्या नळीत पाणी घेऊन, त्यात औषधाचे थेंब टाकून रंग वहीत लिहायचा.

"मासेच नाय, तर खाणं कुनाला, गुरुजी?" तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कुजायला," गुरुजी म्हणाले. "कुजलं की अमोनिया होतो. तो विषारी. तो खाणारे जिवाणू येतात, पण ते त्याचं दुसरंच विष करतात, नायट्राइट. मग ते दुसरं विष खाणारे वेगळे जिवाणू यावे लागतात. ते सावकाश येतात. तोवर थेंब टाकले की नळी जांभळी होणार. ती निळी होईपर्यंत टाकीत मासा सोडायचा नाही. पाणी कितीही स्वच्छ दिसो."

एकोणिसाव्या दिवशी गुरुजी शिक्षकांच्या सभेला कर्जतला गेले होते. दुपारच्या सुट्टीत चिमा नळी घेऊन टाकीपाशी आली, तर टाकीभोवती पोरांची ही गर्दी. आत सात मासे होते. बोट बोटभर लांब, रुपेरी.

"कुनी सोडलं?"

"मी," केतन म्हणाला. त्याची आई शाळेच्या समितीवर होती आणि त्याचा आवाजही तसाच होता. "सकाळी पंच्यानं वड्यातून धरून आणलं. चार वाजता तपासणीचं सायेब येनार हाय. त्यांना काय रिकामी टाकी दाखवायची? गुरुजींचंच नाक कापलं जाईल."

मासे पाण्याच्या वर तोंड काढून नुसती हवा ओढत होते. एक बुडाशी आडवा पडला होता. चिमाने घाईघाईने नळी भरली, थेंब टाकले, हलवली. रंग पिकल्या जांभळासारखा.

"बग! काड त्यांना. मरतील."

"आली डॉक्टरीन! आरशासारखं पानी हाय, तुला कुठं विष दिसतंय?"

पोरं हसली. केतनची बादली व्हरांड्यात तशीच होती, ओढ्याच्या पाण्यानं अर्धी भरलेली. चिमाने ती आत आणली आणि टाकीत हात घातला. केतनने मागून तिची वेणी धरली आणि सगळ्या जोराने खेचली. तिचा तोल गेला, कपाळ टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर आदळलं. भुवईतून रक्त आलं, डोळ्यात उतरलं.

ती उठली. तिच्या मुठी वळल्या होत्या. तिला नेरळचं आत्याचं घर दिसलं, धुण्याचा ढीग दिसला. तिने दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या आणि एकात एक अडकवून धरल्या.

"हात जोडते रं केतन. मागनं तुला हवं तेवडं मार मला. आदी त्यांना काडू दे."

"पाठीमागं कुनी हात जोडतं काय गं?" केतन म्हणाला. पोरं पुन्हा हसली. तो टाकीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने तिला छातीवर ढकललं. एकदा, मग पुन्हा. त्याच्या खांद्यावरून तिला दिसलं, दुसरा मासा पोट वर करून तरंगायला लागला.

मग तिने डोकं खाली घातलं आणि त्याच्या तोंडावरच हाणलं.

कडकन आवाज झाला. केतन टेबलाला घसटत फरशीवर पडला. चिमा त्याच्या छातीवर बसली आणि मुठी चालवायला लागली. पहिल्या ठोशाला तो किंचाळला, दुसऱ्याला गप्प झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. चौथ्याची तर मुळीच नव्हती. पण हात थांबेना. त्याचं रक्त आणि तिचं रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक झालं. ती मारत राहिली तेवढ्या वेळात टाकीत तिसरा मासा गेला.

तो तिला दिसला आणि ती उठली. ओंजळीने एकेक मासा तिने बादलीत टाकला. मोठ्या बाई धावत आल्या तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते, आणि केतनच्या तळहातावर त्याचा अर्धा दात होता.

केतनला त्याच्या आईने दवाखान्यात नेलं. जयवंता तासाभराने रसायनीहून आला, कारखान्याचे बूट तसेच पायात. त्याने काही विचारलंच नाही. वर्गात शिरला आणि मुलीच्या कानाखाली वाजवली, अशी की ती भिंतीवर गेली.

"दप्तर उचल. संपली तुजी शाळा."

तोवर कोंडीराम गुरुजी परतले होते आणि मुलांकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते दोघांच्या मधे उभे राहिले. "जयवंता, हिने केलं ते चूकच. पण का केलं ते तरी ऐक." आणि त्यांनी नळी त्याच्या हातात देऊन सगळं सांगितलं, जसं ते मुलांना सांगत, एकेक पायरी.

जयवंता टाकीकडे बघत राहिला. "ह्या पान्यात? हे तर पिन्यासारखं दिसतंय."

"वास नाही, रंग नाही. थेंब टाकल्याशिवाय कळत नाही."

जयवंता बाकावर बसला. म्हणाला, "आमच्याकडं कारखान्यात वाल्मिक व्हता. टाकी धुवाया उतरला. मुकादम बोलला, रिकामी हाय, साफ हाय, उतर. मी वर दोर धरून. मलाबी साफच दिसली." "वर काडला तवा त्याचंबी तोंड ह्या माशांसारकंच उगडं व्हतं. मी त्या मुकादमाला एक शब्द बोललो नाय, गुरुजी."

चिमाने बापाला असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

तो उठला आणि मोठ्या बाईंकडे वळला. "बाई, पोरगी शाळंतच राहील. काय सजा द्यायची ती हितंच द्या." मग त्याने चिमाचं मनगट धरलं, हाड दुखेल असं. "मासं काडलंस ते बरं केलंस. पन पडल्याव मारलंस त्याला. चल त्याच्या घरी."

केतनच्या आईने दार उघडलं. समोर जयवंताला आणि चिमाला बघून तिचा चेहरा लाल झाला.

"माजं चुकलं, काकी," चिमा म्हणाली. "पडल्यावर मारायला नको व्हतं."

आतून केतन आला. ओठ सुजून दुप्पट झाले होते, तोंडात कापूस. त्याने तिच्या भुवईकडे पाहिलं. मग कापसातूनच, जेमतेम कळेल असं विचारलं, "किती वाचलं?"

"चार," चिमा म्हणाली, आणि तेवढ्यात त्याच्या आईचा हात तिच्या गालावर पडला. जयवंता मधे आला नाही. चिमाने तोंड फिरवलं नाही, आणि तिचे हात खालीच राहिले.