पाइनच्या शेजारचा दगडी दिवा

मित्रांनो, मी एक जुना दगडी दिवा. जपानात एचिगोच्या किनाऱ्याकडे इसोगाई घराण्याची हवेली आहे. तिच्या बागेत, तळ्याच्या काठी मी उभा असतो. माझ्या शेजारी एक पाइनचे झाड आहे. माझे सारे दुःख त्याच्यापासूनच सुरू होते.

आधी मी आलो. हे मलाच सांगितले पाहिजे, कारण दुसरे कोणी सांगत नाही. पाथरवटाने मला सहा महिने घडवले. भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मला जहाजातून आणले. संध्याकाळी माझ्या पोटात तेलाची वात पेटली, की पाहुणे चहाचे पेले हातात धरून मलाच पाहत बसत. तेव्हा हा पाइन जेमतेम गुडघ्याएवढा होता. त्याला वारा लागू नये म्हणून त्याला मुद्दाम माझ्या आडोशाला लावले. माझ्या आडोशाला!

पुढे तो वाढला, मी तेवढाच राहिलो. वीज आली, माझी वात गेली. हवेली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिकीट काढून आलेला जो तो म्हणू लागला, "अहाहा, काय झाड आहे!" बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून तोकुजी माळी दरवर्षी थंडीआधी त्या वरून गवती दोऱ्यांनी ताणून बांधी. त्याची जुनी, सुईसारखी पाने तर एकेक करून हाताने वेची. माझ्यावर मात्र पक्ष्यांची घाण महिनोन्‌महिने वाळत पडे. मी जळत असे. दिव्याने जळावेच, पण असे नव्हे.

एका वर्षी ऐन वेळी तोकुजीची कंबर धरली. माझ्या डोक्यावरची, सर्वांत खालची फांदी बांधायची राहून गेली. जानेवारीत एका सकाळी असा बर्फ पडू लागला, की तळे दिसेना. फांदी वाकू लागली. खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. मोड, मोड, असे मी मनात म्हणत होतो.

तोकुजी काठी टेकत आला. त्याच्यामागून मालकीण शिगेनो छत्री घेऊन धावली. तिची साठी उलटली होती, तरी तो तिला सूनबाईच म्हणे.

"काका, कंबर धरलीय ना तुमची? घरात बसा मुकाट्यानं!"

"कंबर गेली तर जाऊ दे सूनबाई, फांदी जाता कामा नये. टेकू कुठंय?"

"गोदामात. दारासमोर पुरुषभर बर्फ साचलाय."

त्याने इकडेतिकडे पाहिले. त्याची नजर माझ्यावर थांबली.

"या दिव्यावर टेकवू."

"अहो, फुटेल तो! सासूबाईंचा किती जीव होता त्याच्यावर!"

"फांदी गेली तर दोनशे वर्षं गेली. दगड काय, दुसरा घडवता येतो."

हे शब्द मला छिन्नीपेक्षा खोल लागले.

त्याने अंगातला जाड कोट काढून माझ्या डोक्याला गुंडाळला आणि फांदी अलगद त्यावर टेकवली. भार आला. माझा शेजारी इतका जड असेल, असे मला वाटले नव्हते. वारा सुटला की फांदी थरथरे, म्हातारी माणसे जिना उतरताना थरथरतात तशी. दुपारी माझा कळस कडकन तुटून बर्फात पडला. फांदी वाचली.

बर्फ वितळल्यावर तोकुजी कळस घेऊन पाथरवटाकडे गेला. परतला तो मान खाली घालून.

"काय म्हणाला?" शिगेनोने विचारले.

"ती खाण केव्हाच बंद झाली. असा दगड आता मिळायचा नाही."

मग टोपी काढून तो माझ्यापुढे ओल्या शेवाळात गुडघे टेकून बसला. "चुकलो रे," तो म्हणाला.

"दगडाशी बोलताय होय, काका?"

"इतकी वर्षं बोललो नाही सूनबाई, तेच चुकलं."

आता दर आठवड्याला तो ओल्या फडक्याने मला पुसतो. पाहुणे अजून पाइनचेच फोटो काढतात आणि मला अजून हेवा वाटतो. मी दगड आहे, साधू नव्हे. पण फांदी मोडावी, असे मात्र आता मनात येत नाही. तिची थरथर मी डोक्यावर झेलली आहे.

मित्रांनो, झाड जरूर पाहा. पण त्याच्या शेजारी जो मुका उभा असतो, त्याचीही विचारपूस करा. तो तुटल्यावर नव्हे, त्याआधी.