पेरूच्या काढ्याची किटली आणि तिची सवत

मी एक जुनी, टवके उडालेली निळी किटली आहे. मित्रांनो, निकाराग्वातल्या तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत कुणाचंही पोट बिघडलं की मला बोलावणं यायचं. माझ्यात पेरूचा पाला उकळायचा. "तिबुर्सियाच्या किटलीला गुण आहे हो!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून बसायचे.

मग खुद्द माझ्या मालकिणीचं, तिबुर्सियाबाईंचं, पोट ढिलं झालं. महिने गेले तरी थांबेना. अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी जायचं, पण लाजेने बाई ते कुणाला सांगत नव्हत्या. शेजारीण फेर्मिना ठसक्यात म्हणाली, "मीठ बंद कर आधी. मीठ पोट कापतं. नुसता काढा पी!" आमच्याकडे ही रीतच. बाई दिवसभर माझा काढा प्यायच्या, आणि एका सकाळी चुलीपाशीच कोसळल्या.

लेक नेरेयदाने त्यांना दवाखान्यात नेलं. काढा हवा म्हणून मलाही नेलं. तिथे खांबाला ती लटकली होती, सलाइनची पिशवी. ना चटके, ना उकळणं, नुसतं ठिबकत राहायचं! दुपारपर्यंत बाई उठून बसल्या. "आई, या पिशवीने जीव आला गं तुझ्यात!" नेरेयदा म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला. सवतच माझी!

घरी आलो आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा पडल्या. सवत हरली म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पुन्हा दवाखाना, पुन्हा मीही सोबत. या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, "मावशी, चिकट जातं का? लाजू नका." बाईंनी होकारार्थी मान हलवली. तपासल्यावर आतड्याच्या टोकाशी मोठी गाठ सापडली.

"हीच पाणी आणि क्षार बाहेर टाकतेय," डॉक्टरीणबाई नेरेयदाला म्हणाल्या. "सलाइनने आम्ही भरतो, ही रिकामं करते. मूत्रपिंडं थकलीत. गाठ काढली नाही तर मावशी जगणार नाहीत."

शहरात नेऊन गाठ काढली. बाई वाचल्या.

परवा फेर्मिना आली. "माझंही पोट कधीचं ढिलं आहे गं. टाक ना पाला." मी तर चुलीवर तयारच होते. बाईंनी मला उचललं आणि पाणी अंगणात ओतून दिलं.

"पाला-बिला काही नाही! चल, मी येते दवाखान्यात. आणि तिथे सगळं सांगायचं."

मित्रांनो, सांगताना जीव जळतो, पण सांगते. असं पाणी जात राहिलं, चक्कर आली, तर माझ्यावर विसंबू नका. मीठ तोडू नका, लाजू नका. त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या तेव्हा मी रिकामीच बसले होते, रागाने धुमसत. आणि तरी मनात आलं, जरा भरभर चाला गं.