आधी बोलली धाकटी

आई गेल्यावर दोघी बहिणी तिची खोली आवरायला जमल्या. थोरली बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे ध्यान करायची, इतरांनाही शिकवायची. आसक्ती हेच दुःखाचं मूळ, हे सांगताना तिचा आवाज कसा मऊ व्हायचा. धाकटी लग्न होऊन ख्रिस्ती घरात गेली होती. लोकांचे कपडे शिवायची, रविवारी चर्चला जायची आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

भांडीकुंडी, कपडे यांची वाटणी चहा निवायच्या आत झाली. राहिलं आईचं शिलाई मशीन. त्यावर दोघींचाही जीव. पण ते धाकटीला देऊन टाकायचं, हे थोरलीनं येतानाच ठरवलं होतं. काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं होतं.

तिनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "मशीन तू ने, ताई."

थोरलीचा जळफळाट झाला. इतकी वर्षं मांडी घालून बसले मी, आणि सोडणं जमलं हिला? काही वाटत नाही का तुला, असं तिनं तिरकसपणे विचारलं.

वाटतं तर, धाकटी म्हणाली. आठवडाभर ती चर्चच्या बाकावर बसून रडली होती. येशूनं एका श्रीमंत तरुणाला सगळं देऊन टाकायला सांगितलं आणि तो काहीच न देता खिन्न होऊन निघून गेला, त्याची तिला फार कणव यायची.

"मीही तशीच खिन्न आहे," ती म्हणाली, "फक्त देऊन."

थोरलीला आता त्या रडण्याचाही हेवा वाटू लागला. मशीन घरी आलं, पण ध्यान काही लागेना. वर्गात ती बुद्धाचा दृष्टान्त सांगू लागली, की नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर वाहू नये, आणि मध्येच अडखळली. आपण विरक्त आहोत, हाच तराफा ती मिरवत होती.

तडक ती धाकटीकडे गेली. दारातच म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो. मला द्यायचं होतं, आणि दिलंस तू."

"मग दे की. मी नेते."

थोरलीनं मान डोलावली खरी, पण एव्हाना मशीन तिच्या खिडकीपाशी रुळलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी टेम्पो घेऊन आली. दोघींनी मशीन उचललं, आत ठेवलं. थोरलीची बोटं कडेवरून सुटेनात. धाकटीनं घाई केली नाही. ड्रायव्हरला थांबायला सांगून तीही तशीच उभी राहिली.