मुठीतली घुंगरं

तान्हा पोळा होता. नंदनवन वस्तीतल्या गल्लीत लेकरं चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. जयाच्या फाटकाशी आली की मात्र घुंगरं गप्प व्हायची. लेकरं बैल उचलून घेत, घुंगरं मुठीत दाबत आणि पाय न वाजवता पुढे सरकत. पुढच्या दारी पुन्हा छुमछुम.

हे जयानंच शिकवलं होतं. हिवाळ्यात वैभवीला दवाखान्यातून घरी आणलं ते गळ्यात श्वासाची नळी बसवूनच. तेव्हा तिनं गल्लीभर हात जोडले होते. येऊ नका, गलका करू नका, माझ्या लेकीला जंतू लागतील. गल्लीनं शब्द पाळला. आता घरी तपासायला येणारी नर्स दीप्ती म्हणत होती, "सर्दी-खोकला नसलेलं लेकरू येऊ द्या की वं ताई. तिले माणसं पाहिजे." पण हे घरोघर सांगायला जाणार कोण? नवरा, जितेंद्र, सावनेरच्या खाणीत पाळीवर. नळीत कफ भरला की मशीननं लगेच ओढावा लागे. जयाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाता येत नसे.

बैल घेऊन दारी येणाऱ्या लेकरांना बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, द्यायला चॉकलेटांचं ताट तिनं दारातच मांडलं होतं. नवं परकर-पोलकं घालून, मांडीवर बैल घेऊन वैभवी वाट पाहत होती.

जया फाटकाकडे धावली. "सोनिका! ये ना वं, बोजारा घेऊन जा."

"नाही काकू," पोरगी कुजबुजली, "आई रागावते. वैभवी झोपली असन."

"जागी हाये वं, बाई..."

आतून घरघर ऐकू आली. जया माघारी पळाली. नळी साफ करून बाहेर येईतो गल्ली रिकामी झाली होती.

वैभवीनं ओठ हलवले. तिचा आवाज नळीतूनच विरून जाई. ओठ वाचावे लागत. 'संपलं?'

जया उंबऱ्यात घुटमळली. मग तिनं मशीन खांद्याला अडकवलं, लेकीला कडेवर घेतलं आणि शेजारच्या कौशल्याकाकूंची बेल दाबली.

"अगं माय! हिले बाहेर काहून आणलं वं?"

"पोळा हाये ना काकू. आमाले बोजारा द्या."

काकू गडबडल्या. "सारं वाटून झालं वं पोरी... थांब, पाहते काही." आत डब्यांची झाकणं वाजू लागली. वैभवी मान लांबवून बघत राहिली: सोफ्यावरचे वाळलेले कपडे, चालू टीव्ही, दुसऱ्या कुणाचं तरी घर.

"सावकाश पाहा काकू," जया म्हणाली. "आमाले घाई नाही."