दिव्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना, निकामी झालेला फ्युएल प्रेशर सेन्सर आहे आणि मी भयंकर रागावलेला आहे. म्हातारा झालो याचा राग नाही, ते काही कोणाला चुकत नाही. माझा राग आहे चिकटपट्टीच्या एका तुकड्यावर.

आधी माझं काम सांगतो. मी असेन तुमच्या अंगठ्याएवढा. कारखान्यात माझ्या पोटात धातूचा पातळ पडदा बसवला आणि पुढे एका पांढऱ्या गाडीच्या इंजिनावर, पेट्रोलच्या नळीवर मला घट्ट आवळलं. पेट्रोलचा दाब वाढला की माझा पडदा वाकायचा, उतरला की सैल पडायचा. ती खबर मी तारेतून गाडीच्या कॉम्प्युटरला द्यायचो आणि तो त्या बेताने इंजिनाला पेट्रोल पाजायचा. माझं कौतुक कधी कोणी केलं नाही, कारण मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तेही चालेल.

गाडी चालवायची त्या घरातली थोरली सून. ती नर्स होती. रोज सकाळी पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायची, त्यांच्या जखमा धुऊन ड्रेसिंग करायची. रविवारी मात्र गाडी तिच्या दिराची.

चालता चालता माझा पडदा थकला. दाब ठीक असताना मी कमी सांगू लागलो, मध्येच भलताच वाढवूनही सांगू लागलो. कॉम्प्युटर गोंधळला, पण त्याने आपलं काम चोख केलं. स्टिअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लावला. तो दिवस रविवारचा होता. दिराने काय करावं? गॅरेज गाठावं? छे! "उगाच डोळ्यांवर येतो," म्हणून त्याने काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा दिव्यावर डकवला. इतका बेमालूम, की वहिनीला पत्ताही लागला नाही. आणि घरी येऊन हा गृहस्थ अवाक्षर बोलला नाही!

सोमवारी गाडी भर चौकात बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कलकलाट. मंगळवारी एका दवाखान्यासमोर पडली. दर वेळी दीर एकच पालुपद लावायचा, "वहिनी, तुम्ही क्लच धड सोडत नाही."

मित्रांनो, सगळ्यात जास्त चीड मला पुढे आली. हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. क्लच सोडण्याआधी ती दहादा स्वतःच्या पायाकडे बघायची. मी इंजिनावर बसून तडफडत होतो. अहो, दुखणं माझं आहे, त्या बाईचं नाही! पण सेन्सरला तोंड कुठे असतं? त्याचं तोंड म्हणजे तो दिवा आणि तोच यांनी बुजवलेला.

शेवटी दिराने चावी काढून घेतली. "गाडी विकून टाकू. वहिनींना झेपत नाही." ती पायी जाऊ लागली. तिला उशीर होऊ लागला आणि एका आजोबांची भरत आलेली जखम पुन्हा चिघळली.

मग एक दिवस दीर आईला घेऊन निघाला आणि गाडी त्याच्याच हाताखाली चढावर बंद पडली. तर म्हणतो कसा, "वहिनींनीच वाईट सवय लावलीय गाडीला!"

"सवय लागायला ती काय मांजर आहे?" सासूबाई कडाडल्या. "गॅरेजला घाल आधी!"

गॅरेजात वहिनीही आली. मेकॅनिकने नळीला दाबाचं मीटर जोडलं, दुसरीकडे माझं म्हणणं आपल्या तपासणी यंत्राच्या स्क्रीनवर लावलं. मीटरचा काटा स्थिर, माझा आकडा मात्र नाचतोय. त्याने माझी तारही तपासली.

"पेट्रोलचा पंप ठणठणीत, वायर चांगली. सेन्सर गेलाय," तो म्हणाला. "पण मग दिवा का नाही लागला?"

दीर छताकडे बघू लागला. मेकॅनिकने दिव्याच्या जागी काचेवर बोट फिरवलं, नख घातलं आणि पट्टी सोलली. आत दिवा जळतच होता.

 वहिनीने तो तुकडा घेऊन दिराच्या तळहातावर दाबून चिकटवला.

"भाऊजी, मी इतके दिवस माझ्याच पायाला शिव्या घालत होते. चावी द्या."

त्याने दिली.

मेकॅनिकने पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून दाब उतरवला, खाली फडकं धरून पान्याने मला सोडवलं आणि माझ्या जागी नवा सेन्सर बसवला. मला तो भंगाराच्या डब्यात टाकणार, एवढ्यात वहिनीने मला मागून घेतलं.

मित्रांनो, आम्ही थकलो तर आम्हाला बदला, खुशाल बदला. पण दिवा लागला तर तो झाकू नका. आणि झाकून वर दुसऱ्याकडे बोट तर मुळीच दाखवू नका.

आता मी तारेने बांधलेला, गाडीच्या चावीला लटकतो. रविवारी दीर चावी मागतो, तेव्हा आधी मी त्याच्या हातात पडतो. तो गाडीत बसतो आणि निघण्याआधी वाकून दिव्याकडे बघतो.